आमच्या व्हिल्यातला इन्कम टॅक्स

जुलै लागला की आमच्या ठाण्याच्या सोसायटीत एक वेगळाच हंगाम सुरू होतो. लिफ्टमध्ये भेटणारा माणूस तब्येत विचारायच्या आधी "भरला का रिटर्न?" असं विचारतो. आंब्यांच्या रिकाम्या पेट्या जिन्याखाली जाऊन पडलेल्या असतात, गॅलरीत छत्र्या वाळत असतात, आणि घरोघरी कपाटातल्या कागदांनी भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या खाली उतरतात. लोक कपाळाला आठ्या घालून बसतात. मला मात्र हा हंगाम मनापासून आवडतो. असं म्हटलं की सगळे माझ्याकडे संशयाने बघतात, त्यामुळे हल्ली मी ते मनातच ठेवते.

आमच्या सीए बाईंचं ऑफिस एका जुन्या इमारतीत, तळमजल्यावर आहे. तिथल्या बाकावर नंबर यायची वाट बघत बसणं म्हणजे अर्धी दुपार. पंखा फिरतो, पेपरवेटांखाली कागद फडफडतात, हवेत ओल असते आणि हात टेबलाला चिकटतो. बाई दर वर्षी तेच म्हणतात, "तुम्ही गल्फवाले नशीबवान हो. इतकी वर्षं एक पैसा टॅक्स नाही." मी हसून हो म्हणते. मग त्या आकडे बघत राहतात, मला जरा डुलकी लागते, आणि त्या चिकट हवेतून मी हळूच शारजाला जाऊन पोचते.

शारजातला उन्हाळा आधी डोळ्यांना कळतो. एसीतून दार उघडून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते आणि समोरचं सगळं नाहीसं होतं. उंबऱ्यात उभं राहून ओढणीने काचा पुसायच्या, मग गेट, मग रस्ता, मग पलीकडची खजुराची झाडं एकेक करून परत यायची. त्या झाडांवरच्या घोसांना जाळीच्या पिशव्या बांधलेल्या असत. जूनमध्ये आत हिरवं काहीतरी दिसायचं, ते पिवळं व्हायचं, आणि ज्या दिवसांत माणसाला जीव नकोसा होतो नेमकं त्याच दिवसांत ते पिकून मऊ, मधाळ व्हायचं. समुद्र जवळ होता, पण उन्हाळ्यात तो दिसत नसे. त्याच्या जागी पांढरी झळाळी पसरलेली असायची आणि तिच्यातून कुठल्यातरी बोटीचा भोंगा ऐकू यायचा.

पाण्याची तर तिथे गंमतच होती. जूनपासून गीझर बंद ठेवायचा. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापायचं की थंड पाण्याच्या नळाला हात लावायची सोय नसे. बंद गीझरमध्ये, घराच्या सावलीत राहिलेलं पाणी त्यातल्या त्यात निवलेलं असायचं. त्यामुळे उन्हाळाभर गरम नळ थंड आणि थंड नळ गरम. शेजारच्या खोलीतली सुनंदा नवी आली तेव्हा मी तिला हे समजावून सांगितलं होतं. ती बादलीत हात घालून बघत राहिली आणि म्हणाली, "वहिनी, हे बरंय. गावाला सांगितलं तर म्हणतील, उन्हाने हिचं डोकं फिरलं."

आम्ही तीन बिऱ्हाडं एका जुन्या व्हिल्यात राहत होतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. व्हिला म्हटलं की गावाकडच्या लोकांच्या डोळ्यांसमोर कारंजं यायचं. आमच्याकडे कारंजं म्हणजे हॉलमधला गळका एसी, आणि त्याच्याखाली ठेवलेली निळी बादली. प्रत्येकाची एकेक मोठी खोली, हॉल सामाईक, स्वयंपाकघर सामाईक, विजेचा मीटरही एकच. पहिल्या खोलीत मी, माझा नवरा दिलीप आणि आमची केतकी. दिलीप एका बांधकाम कंपनीत होता, केतकी नववीत. दुसऱ्या खोलीत वसईचे विल्सन आणि मार्था. विल्सन दुबईच्या एका हॉटेलात लग्नाबिग्नाच्या मेजवान्यांची व्यवस्था बघायचा. मार्था भाजीवाल्याकडून आली की पिशवी ओट्यावर ठेवता ठेवता मोठ्याने सांगायची, "मेथीची जुडी दोन दिरहम, म्हणजे चोवीस रुपये. वसईला एवढ्यात अख्खी वाडी दिली असती." आणि तिसऱ्या खोलीत परब, त्यांची बायको सुनंदा आणि चार वर्षांचा ओमकार. परब कुडाळकडचे, हमरिया फ्री झोनमधल्या एका फॅब्रिकेशन यार्डात, लोखंडकामावर फोरमन. सुनंदा आणि ओमकारला येऊन जेमतेम वर्ष होत होतं. त्याआधीची कितीतरी वर्षं परबांनी बॅचलर खोलीत, पलंगावर पलंग रचलेल्या माणसांमध्ये काढली होती. बायको आल्यावर ते संध्याकाळी घरी कसे यायचे ते मला आठवतं. गेटमधूनच हाक मारायचे, "ओम्या, आज काय केलंस?" उत्तर येईपर्यंत बूट काढायचे नाहीत.

तिथे कुणी कुणाला पगार विचारत नसे. गावाकडून विचारणा झाली की थोडा वाढवून सांगायचा, उसने मागणारा भेटला की थोडा कमी करून, आणि शेजाऱ्याला "चाललंय, कृपा आहे" एवढंच. एका ओट्यावर पोळ्या लाटणाऱ्या, एका दोरीवर कपडे वाळत घालणाऱ्या आम्ही तिघी. मार्थाच्या घोरण्याचा सूर मला माहीत होता, पण तिच्या नवऱ्याच्या पगाराचा पत्ता नव्हता. भाडं आणि लाइट-पाण्याचं बिल आम्ही सरळ तीन भागांत वाटायचो आणि ते गोळा करायचं काम दिलीपकडे होतं. त्यावरून कधी शब्द वाढला नव्हता.

त्या उन्हाळ्यात केतकी शाळेतून वादविवाद स्पर्धेचा विषय घेऊन आली. ज्या राज्यात आयकर नाही, त्याने तो सुरू करावा का? स्पर्धा दुबईत, ऊद मेथाला, बऱ्याच भारतीय शाळांची मिळून. केतकीला 'करावा' या बाजूने बोलायचं होतं. मला धडकीच भरली. "अगं, इथे राहून हे असलं बोलायचं?"

"आई, इट्स ओन्ली अ डिबेट. मिस सेड, डोन्ट नेम एनी कंट्री."

विल्सन सोफ्यावर लोळत ऐकत होता. "बरोबर आहे," तो म्हणाला, "सगळ्यांना माहीत, पण बोलायचं कुणीच नाही. आपल्या पगारासारखं."

मग शुक्रवारी सकाळी हॉलमध्ये तालीम व्हायची. शुक्रवार सुट्टीचा. विल्सन आणि मार्था चर्चहून आलेले असत, कारण तिथे चर्चची मोठी प्रार्थनाही शुक्रवारीच. मी पोहे करायची, सुनंदा घावणे. गळक्या एसीचं पाणी बादलीत टपटपत असायचं आणि केतकी बादलीशेजारी उभी राहून भाषण करायची. विरुद्ध बाजू विल्सनची. "टॅक्स नाही म्हणून तर वसई सोडून आलो ना बाबा? इथेही लावला तर मी काय वाळू बघायला बसू?"

"बट अंकल, हू पेज फॉर द रोड्स?"

"तेल."

"अँड व्हेन द ऑइल इज ओव्हर?"

"तेव्हा मी वसईला केळी लावत असेन. तुझं तू बघ."

सगळे हसले. परब भिंतीला टेकून ओमकारच्या बुटाची नाडी बांधत होते. मान वर न करता ते म्हणाले, "घेऊ देत की टॅक्स. घेणाऱ्याला निदान विचारता तरी येतं, माझं काय केलंस म्हणून. काही घेतच नाही त्याला काय विचारणार?" बोलून झाल्यावर ते नाडीच बांधत राहिले. केतकीने ते वाक्य वहीत लिहून घेतलं. आम्हाला वाटलं, परबांनी पोरीला एक चांगला मुद्दा दिला.

परबांकडे काहीतरी बिनसलंय हे आधी मार्थाच्या लक्षात आलं. ती मला ओट्यापाशी म्हणाली, "सुनंदाच्या खोलीचा एसी दुपारचा बंद असतो. पोराला घेऊन ती हॉलमध्येच बसते बघ." मी म्हटलं, ओमकारला खोकला आहे, परब म्हणत होते की एसी बाधतो. मार्थाने कांदा चिरला, विळी धुतली, आणि मग म्हणाली, "हॉलमधला एसी बाधत नाही वाटतं." ते ऐकल्यावर मलाही दिसायला लागलं. हमरियातले यार्ड थंडावले आहेत, कामं कमी आहेत, असं दिलीपच्या कानावर होतंच. परबांचा पगार कापला असणार. आणि तिथे पगार कापणं म्हणजे खिशाला थोडी झळ, एवढ्यावर भागत नसे. बायकोमुलाला जवळ ठेवायचं तर ठरावीक पगार लागायचा. त्याखाली गेलं की व्हिसाच्या पुढच्या तारखेला कुटुंबाने गाव गाठायचं आणि नवऱ्याने परत पलंगावर पलंग. ती तारीख ऑक्टोबरात होती. सुनंदा तिचा उल्लेख 'आमची दिवाळी' असा करायची, कारण मागच्या वर्षी शिक्का बसल्याच्या आनंदात परबांनी लाडू आणले होते.

परबांना विचारायचं कसं? पैसे पुढे केले असते तर त्या माणसाने दुसऱ्या दिवशी व्हिला सोडला असता. युक्ती विल्सनला सुचली. मार्थाने आधी तिच्या पद्धतीने सांगितलं होतं, "चर्चमध्ये पिशवी फिरते तेव्हा ज्याची जेवढी ऐपत तेवढं तो टाकतो. कोण किती टाकतो ते कुणी बघत नाही. पण हात सगळ्यांचा पिशवीत जातो." विल्सनने त्याला केतकीच्या वादविवादाचं कापड गुंडाळलं. पोरीला उदाहरण मिळावं म्हणून या महिन्यापासून व्हिल्यात इन्कम टॅक्स लावायचा. भाडं आणि लाइट ज्याच्या त्याच्या पगाराच्या प्रमाणात. परबांचा भाग आपोआप उतरेल आणि कुणी कुणावर उपकार केला असं होणार नाही. दिलीप इतका खूश झाला की त्याने विल्सनला मिठीच मारली. आपण फार हुशार आहोत असं आम्हा चौघांनाही त्या आठवड्यात वाटत होतं.

तो शुक्रवार मला अजून जसाच्या तसा दिसतो. बाहेर ऊन पांढरं झालं होतं, पडदे ओढलेले होते, हॉलमध्ये चहाच्या मसाल्याचा वास होता. विल्सनने उभं राहून सरकार असल्याचा आव आणला. "यल्ला, आता एकेकाने पगार सांगायचा. खरं सांगायचं. इथे इन्कम टॅक्स ऑफिसर केतकी आहे." आणि त्याने पहिला आपला सांगितला. मार्थाने चटकन त्याच्याकडे बघितलं. ते बघणं कसं असतं ते बायकांना कळतं. गड्याने वाढवला होता. मग दिलीपने सांगितला, आणि मी हातातला कप बशीत ठेवला. माझ्या नवऱ्याचा पगार माझ्याइतका कुणाला ठाऊक असणार? विल्सनपेक्षा कमी दिसू नये म्हणून यानेही वर चढवला होता.

माझ्या मामाचं दुकान होतं. विक्रीकराचे साहेब येणार अशी कुणकुण लागली की अर्धा माल आतल्या खोलीत, पलंगाखाली जायचा, आणि मामा मळका सदरा घालून गल्ल्यावर बसायचा. कर म्हटला की माणूस आपलं असलेलं लपवतो हे मी लहानपणापासून बघत आले होते. नसलेलं दाखवून त्याच्यावर कर भरायला हौसेने पुढे होणारी माणसं मी त्या हॉलमध्येच बघितली. मला हसू आवरेना. इतकी वर्षं जे कुणी विचारलं नव्हतं ते एकदा विचारल्यावर खरं सांगायची कुणाला सवयच नव्हती.

मग परबांची पाळी आली. सुनंदा त्यांच्या शेजारी, ओमकारला मांडीवर घेऊन बसली होती. परबांनी ओमकारच्या केसांतून हात फिरवला आणि पगार सांगितला. दिलीपने वाढवून सांगितलेल्यापेक्षाही तो जास्त होता.

केतकीने भराभर गणित मांडलं आणि निकाल जाहीर केला, "परब अंकल पेज द मोस्ट. काँग्रॅट्स, अंकल." परब हसले. सुनंदाही हसली. तिने ओमकारच्या शर्टाचं वरचं बटण लावलं, ते आधीच लावलेलं होतं. विल्सन सरकारी आवाज विसरून नुसता उभा होता. आता बोलणार काय? तुम्ही खोटं बोलताय असं म्हणायचं? मग विल्सनने आणि दिलीपने तरी काय केलं होतं? त्या महिन्यापासून व्हिल्यात सगळ्यात जास्त भाग परब भरायला लागले आणि दर वेळी सगळ्यांच्या आधी आणून द्यायचे.

आम्ही आपसांत कुजबुजलो की कदाचित आपलाच अंदाज चुकला असेल. खरंच मिळत असेल एवढा. खरंच पोराला खोकला असेल. असं मानून घेणं सोयीचं होतं.

ऊद मेथाच्या त्या शाळेचं सभागृह इतकं गार होतं की आयांनी पोरांच्या खांद्यांवर ओढण्या टाकल्या होत्या. केतकी छान बोलली. तेल, रस्ते, दवाखाने, सगळं आलं. परबांचं वाक्य तिने इंग्रजीत केलं तेव्हा मागून कुणीतरी टाळी वाजवली. शेवटी परीक्षकांनी तिला विचारलं, तुला स्वतःला कर भरायला आवडेल का? ती म्हणाली, "सर, आय वुड लाइक टू बी आस्क्ड." तिला दुसरं बक्षीस मिळालं. येताना शारजाच्या गर्दीत गाडी मुंगीच्या पावलांनी सरकत होती, पोरगी मागे झोपून गेली होती, आणि मी तिच्या त्या उत्तराचा विचार करत होते. आपल्याकडे काही मागावं असं कुणाला वाटतच नाही, याचं तिला वाईट वाटत होतं? की ते नुसतं टाळीसाठी होतं? ती तिथेच जन्मली होती. मी तिला विचारलं नाही आणि आता विचारलं तर तिला आठवायचंही नाही.

जुलै-ऑगस्ट म्हणजे तिथे निम्मं शहर गावाला गेलेलं. शाळा बंद, रस्ते रिकामे, बाल्कन्यांमधून एसीचं पाणी ठिबकतंय. आम्ही त्या वर्षी कुणीच गेलो नाही. दुपारभर हॉलमध्ये चटया टाकून पडायचं. सुनंदा ओमकारला समुद्राच्या गोष्टी सांगायची, त्यांच्या गावच्या समुद्राच्या. रापणीचं जाळं ओढताना माणसं कशी ओरडतात ते ती अगदी हलक्या आवाजात ओरडून दाखवायची, कुणाची झोप मोडू नये म्हणून. मार्था डोळे मिटल्या मिटल्या म्हणायची, "आमच्याकडे पण." सगळ्या जगाला उन्हाने बाहेर उभं केलंय आणि आपण तेवढे आत आहोत असं वाटायचं. इतकं सुख मला त्यानंतर क्वचित वाटलं असेल, आणि तेच दिवस सुनंदाच्या घराचे शेवटचे दिवस होते.

याच दिवसांत एका संध्याकाळी दिलीप ऑफिसातून आला आणि बूट काढता काढता हॉलमधल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आमच्याकडे स्टीलच्या कामाला फोरमन हवाय. कुणी ओळखीचा असेल तर सांगा, लगेच घेतील. परब, तुमच्यासाठी नाही हं, तुमच्या मानाने पगार कमी आहे."

परब म्हणाले, "हो ना. बघतो कुणी असला तर."

ती जागा आठवड्याभरात भरली गेली.

सप्टेंबर संपत आला तसा चष्म्यावरच्या वाफेचा जोर ओसरला. झाडांवरच्या जाळ्या उतरल्या. एका शुक्रवारी दिलीप महिन्याचे भाग गोळा करत होता. मी आणि सुनंदा खाली बसून लाल माठ निवडत होतो. परब आपले पैसे घेऊन आले, दिलीपसमोर खुर्चीत बसले, आणि पैसे हातातच धरून म्हणाले, "दिलीपभाऊ, पगार एप्रिलपासून कापलाय. मी सांगितला त्याच्या अर्ध्याहून थोडा वर आहे. आता व्हिसा होणार नाही. सुनंदाला आणि ओम्याला पाठवायला लागेल."

एवढं बोलून ते सुनंदाकडे बघायला लागले. तेव्हा मला कळलं. त्या दिवशी तो आकडा त्यांनी आमच्यासाठी सांगितलाच नव्हता. बायको शेजारी बसली होती. तिला जो पगार माहीत होता तोच त्यांनी सांगितला होता. दुसरं काही सांगायला तोंड उघडलं असतं तर पहिल्यांदा तिला कळलं असतं, आणि तेही चारचौघांत.

सुनंदाने माठाची एक जून काडी मोडली आणि बाजूला टाकली. "माका ठावक होता," ती म्हणाली. मग आमच्यासाठी सरळ मराठीत, "पगार झाला की पहिल्या शुक्रवारी हे सुरमई आणायचे. मे महिन्यापासून बांगडा आणतात. म्हणाले, यंदा बांगडाच बरा लागतो. मी पण म्हटलं, हो, बांगडाच बरा."

परबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. ओमकार त्यांच्या गुडघ्याला धरून उभा राहिला.

दिलीप हलूनच गेला. "अहो, ती जागा," तो म्हणाला, "जुलैत ती जागा होती ना. मी इथेच उभा राहून..."

"ऐकलं होतं मी, भाऊ," परब म्हणाले. "कसा मागणार? जास्त पगार सांगून बसलो होतो."

मला त्या वेळी सगळ्यांचाच राग आला. परबांचा, दिलीपचा, विल्सनच्या युक्तीचा, आणि नवऱ्याचा खोटा आकडा ऐकून शांतपणे पोराचं बटण लावणाऱ्या सुनंदाचाही. एकमेकांना जपायच्या नादात या माणसांनी एकमेकांची वाट लावली होती. विल्सनने डोळे पुसले आणि म्हणाला, "खलास. आजपासून या घरात टॅक्स नाही. परत सरळ तीन भाग. आणि हा महिना परबांचा भाग आम्ही बघतो." त्यानंतर दिलीपने आणि विल्सनने ओळखी काढल्या, फोन केले, एकदा खोर फक्कानच्या बंदरापर्यंत जाऊन आले. इन्शाल्ला, इन्शाल्ला सगळे म्हणाले. जागा कुठेच निघाली नाही.

आमच्या सीए बाई कधीकधी गप्पा मारायच्या मूडमध्ये असतात. परवा त्यांनी विचारलं, "हल्ली ऐकते, तिकडच्या देशांतही टॅक्स लावायचं घाटतंय. तुम्हाला काय वाटतं, लावावा का?" मी म्हटलं, बघू. एवढ्या मोठ्या प्रश्नावर माझ्यासारखीने काय बोलायचं? वाळूतून रस्ते काढणाऱ्यांना त्यांचा हिशेब कळतो. करापायी माणसं किती गोष्टी लपवतात हे मी मामाकडे बघितलं आहे, आणि कर नसलेल्या गावात काय लपवतात हे त्या व्हिल्यात. आम्ही विचारलंच नसतं तर परबांना तो आकडा बोलावा लागला नसता, जुलैतली जागा त्यांनी मागितली असती, असं वाटून मी कैक दुपारी अस्वस्थ झाले आहे. पण मग सुनंदा जातानाचं आठवतं, आणि विचारलं ते चुकलं असंही म्हणवत नाही.

ती गेली तेव्हा हवा नुकती सुखाची झाली होती. संध्याकाळी दारं उघडी ठेवता येत होती, आणि ज्यासाठी सगळा उन्हाळा सोसायचा ते दिवस समोर होते. टॅक्सी गेटशी आली. मार्थाने ओमकारच्या खिशात चॉकलेटं भरली. केतकीने त्याला आपली जुनी गोष्टींची पुस्तकं दिली आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. परब बॅगा बाहेर काढायला वाकले होते, तेवढ्यात सुनंदा हॉलमध्ये परत आली. तिच्या हातात घडी घातलेल्या नोटा होत्या. ते पैसे तिने कुठून काढले ते मला आजही माहीत नाही.

"भावोजी, या महिन्याचा आमचा भाग."

दिलीपने हात मागे घेतले. विल्सन म्हणाला, "अगं सुनंदा, ठरलंय ना आपलं? ते सगळं खलास झालं."

"जुन्या दरानेच आहेत," ती म्हणाली. "यांनी जो पगार सांगितला होता, त्याप्रमाणे."

"तू तर निम्मा महिनासुद्धा राहिली नाहीस," मी म्हटलं. "हे काय घ्यायचे पैसे आहेत?"

सुनंदाने हात तसाच पुढे धरला होता. "घ्या, भावोजी. मला या घरातून पाहुणी म्हणून जायचं नाही."

दिलीपने पैसे घेतले. दारातले परब तसेच वाकलेले थांबले होते. मग त्यांनी बॅगा खाली ठेवल्या, आत येऊन ओमकारला कडेवर घेतलं, आणि आम्ही सगळे मिळून गेटपर्यंत चालत गेलो.